फोनवर ‘नाही’ दाबलं तर काय अडतं? परवानग्या आणि खासगीपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः अँड्रॉइड फोन धरून आहेत. आयफोनवर फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. मेनूतली नावं कंपनीगणिक बदलतात. वाट सापडली नाही तर सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधाच्या चौकटीत ‘परवानगी’ टाका, बहुतेक फोनवर नेमकं पान समोर येतं.

१. अ‍ॅपने मागितलेली परवानगी नाकारली तर अ‍ॅप बंद पडतं का?

सहसा नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, अ‍ॅपला परवानग्या एकगठ्ठा मिळत नाहीत. वापराच्या वेळी एकेक मागाव्या लागतात. नाकारली तर तेवढंच काम अडतं. टॅक्सीच्या अ‍ॅपला लोकेशन दिलं नाही तर चढायचं ठिकाण हाताने टाकावं लागतं. पैसे पाठवायच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स दिले नाहीत तर समोरच्याचा नंबर स्वतः टाकावा लागतो.

यूपीआय अ‍ॅप हा खरा अपवाद. नोंदणीच्या वेळी ते तुमच्या सिमवरून बँकेच्या व्यवस्थेला एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून नंबर व फोन यांची जोडी पक्की होते. त्यासाठी एसएमएस आणि फोन या दोन परवानग्या लागतात. काही अ‍ॅप नोंदणीनंतरही त्या काढू देत नाहीत, तिथे त्या ठेवाव्या लागतात.

अडचण उलट बाजूनेही येते. अँड्रॉइड ११ पासून तीच परवानगी दोनदा नाकारली की फोन पुन्हा विचारतच नाही. मग व्हिडिओ कॉलवर कॅमेरा चालत नाही आणि फोन बिघडल्यासारखा वाटतो. अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘अ‍ॅपची माहिती’ उघडा, परवानग्यांमध्ये जाऊन कॅमेरा सुरू करा.

२. कोणत्या अ‍ॅपला काय दिलं आहे, हे एकाच जागी दिसतं का?

दिसतं. सेटिंग्जमध्ये गोपनीयता, तिथे परवानगी व्यवस्थापक. इथली यादी अ‍ॅपवार नसून परवानगीवार असते, आणि तपासायला तीच सोयीची. मायक्रोफोन उघडला की तो वापरू शकणारी सगळी अ‍ॅप एका खाली एक दिसतात. या क्रमाने बघा: मायक्रोफोन, लोकेशन, एसएमएस, कॉन्टॅक्ट्स. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं जातात, पुढे तीन महिन्यांतून एकदा पाच मिनिटं पुरतात.

अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर याच पानावर गोपनीयता डॅशबोर्ड आहे. गेल्या २४ तासांत कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशन कोणी, किती वाजता वापरलं याची नोंद तिथे मिळते. रात्री दोन वाजता एखाद्या खेळाच्या अ‍ॅपने लोकेशन घेतलेलं दिसलं, तर काढून टाकायला आणखी कारण शोधू नका. बरेच महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन स्वतःच काढून घेतो, पण अ‍ॅपच्या माहितीच्या पानावरचा तो पर्याय बंद केलेला नाही ना, हे पाहून घ्यावं.

३. वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, तो कशाचा?

त्या क्षणी कुठलंतरी अ‍ॅप कॅमेरा किंवा मायक्रोफोन वापरत आहे. वरची पट्टी खाली ओढून ठिपक्यावर टेकवलं की अ‍ॅपचं नाव कळतं. आयफोनवर हिरवा ठिपका कॅमेऱ्याचा आणि नारिंगी मायक्रोफोनचा. कॉल चालू नसताना, बोलून टाइप करत नसताना ठिपका दिसला तर नाव लगेच पाहा. तो गेल्यावर डॅशबोर्डमध्ये शोधावं लागतं (प्रश्न २).

४. हवामानाच्या अ‍ॅपला लोकेशन द्यावं का?

द्या, पण अंदाजे. अँड्रॉइड १२ पासून विचारणा येते तेव्हा नकाशाची दोन वर्तुळं दिसतात, अचूक आणि अंदाजे. अंदाजे निवडलं तर अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा परिसर कळतो. पाऊस येणार का हे सांगायला एवढं पुष्कळ झालं. तुमची इमारत कोणती, हे हवामानाच्या अ‍ॅपला कशाला हवं? अचूक लोकेशन नकाशा, टॅक्सी आणि घरपोच सेवांपुरतं ठेवा, तेही ‘अ‍ॅप वापरताना’ एवढंच. ‘नेहमी’ हा पर्याय जवळजवळ कोणालाच लागत नाही. घरच्यांनी ठरवून एकमेकांचं लोकेशन पाहायचं असेल, तर ते अ‍ॅप तेवढं वेगळं.

५. एक फोटो पाठवायचा असतो, पण अ‍ॅप सगळी गॅलरी मागतं. काय करावं?

अँड्रॉइड १४ पासून त्या विचारणेत ‘निवडक फोटो’ असा मधला पर्याय असतो. तोच घ्या आणि हवा तो एकच फोटो निवडा. आयफोनवरही अशी मर्यादित निवड आहे. मात्र पुढच्या वेळी अ‍ॅपला नवा फोटो ‘दिसत नाही’ आणि लोक वैतागून सगळी गॅलरी खुली करतात. तसं करू नका; अ‍ॅपच्या आतल्या ‘आणखी निवडा’ बटणाने निवड वाढवता येते. जुन्या फोनवर हा पर्याय नसेल तर उलट्या बाजूने जा: आधी गॅलरी उघडा, फोटो निवडा आणि ‘शेअर’ दाबून अ‍ॅपकडे पाठवा. पुष्कळ अ‍ॅपना यासाठी परवानगी लागतच नाही.

६. घरात मिक्सरबद्दल बोललो आणि तासाभरात मिक्सरची जाहिरात आली. फोन ऐकतो का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. दिवसभर आवाज टिपून पाठवायचा तर बॅटरी आणि डेटा दोन्ही इतके खर्च होतील की लपणार नाही, शिवाय प्रश्न ३ मधला ठिपका सतत दिसेल. जाहिरात येते ती बहुधा यांपैकी एखाद्या वाटेने. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्याच वायफायवर मिक्सर शोधलेला असतो. किंवा तुम्हीच आठवड्यापूर्वी एखादं पान पाहिलेलं असतं, आणि बोलणं झाल्यामुळे जाहिरात आत्ता नजरेत भरते. किंवा दुकानात बिल करताना मोबाईल नंबर दिलेला असतो. दुकानं ग्राहकांच्या नंबरांच्या याद्या जाहिरात कंपन्यांच्या यंत्रणेत चढवतात आणि तोच नंबर तुमच्या खात्याशी जुळतो.

ही तिसरी वाट तुमच्या हातात आहे. बिलाला मोबाईल नंबर लागत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना नंबरसाठी अडून न बसण्याची सूचना दिली होती. काउंटरवर ‘नंबर नको, कागदी बिल द्या’ एवढं सांगा.

फोनमध्ये करायचं काम: सेटिंग्ज, गूगल, सर्व सेवा, जाहिराती, आणि तिथे जाहिरात आयडी हटवा. हा आयडी म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅपमधला तुमचा वापर एका माळेत ओवणारा क्रमांक. हटवल्यावर अ‍ॅपने तो मागितला की नुसती शून्यं मिळतात. जाहिराती थांबत नाहीत, पण कमी नेमक्या होतात. आयफोनवर हीच गोष्ट एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या ‘ट्रॅक करू द्यायचं का’ या विचारणेने होते. सेटिंग्जमधल्या ट्रॅकिंगच्या पानावर ती विचारणाच बंद ठेवली तर सगळ्यांना परस्पर नकार जातो.

७. इनकॉग्निटो उघडलं की कोणालाच कळत नाही ना?

ब्राउझरच्या या खासगी खिडकीमुळे तुमच्या फोनवर इतिहास राहत नाही, एवढंच. इंटरनेट देणारी कंपनी, ऑफिसचं वायफाय सांभाळणारा माणूस आणि ती वेबसाइट, तिघांनाही तुम्ही दिसता. त्यात खात्याने लॉगिन केलंत तर नावानिशी दिसता. घरच्यांसाठी आणलेली भेटवस्तू लपवायला, किंवा दुसऱ्याच्या फोनवर आपलं खातं क्षणभर उघडायला ते उत्तम आहे. खिडकी बंद करायला मात्र विसरू नका.

८. मराठी कीबोर्ड उतरवताना फोन ‘हा कीबोर्ड सर्व मजकूर गोळा करू शकतो’ असं बजावतो. घाबरावं का?

ती सूचना प्रत्येक बाहेरच्या कीबोर्डला येते, आणि खरी आहे. तुम्ही लिहिता ते प्रत्येक अक्षर कीबोर्डमधूनच जातं. म्हणून कीबोर्ड कोणी बनवला हे बाकी कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त महत्त्वाचं. फोनसोबत आलेल्या कीबोर्डमध्ये मराठी असेल तर तोच वापरा. आज बहुतेकांत असतं, भाषांच्या यादीतून ते जोडावं लागतं. वेगळी रचना हवी असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्रसारखा, बनवणारा ठाऊक असलेला कीबोर्ड घ्या. रंगीबेरंगी थीम देणाऱ्या अनोळखी कीबोर्डच्या वाटेला जाऊ नका. लिहायच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘वापराची माहिती पाठवा’ असा पर्याय असतो, तोही बंद करा.

क्लिपबोर्डही इथलाच विषय. कॉपी केलेला पासवर्ड कीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये पडून राहतो. काम झालं की तिथून पुसा.

९. व्हॉट्सअ‍ॅप सुरक्षित आहे म्हणतात. मग गप्पा बाहेर कशा जातात?

वाटेत कोणी वाचू शकत नाही, हे खरं आहे. ती व्यवस्था २०१६ पासून सर्वांसाठी आहे. गळती दोन टोकांना होते.

पहिलं टोक बॅकअप. ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपच्या कुलपात आपोआप येत नाही, तो पर्याय सुरू करावा लागतो: सेटिंग्ज, चॅट, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथे पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली घ्यावी लागते. ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपलाही बॅकअप उघडता येत नाही, म्हणून वहीत लिहून कपाटात ठेवा. फोनमध्येच टिपून ठेवली तर फोन गेल्यावर तीही जाते.

दुसरं टोक जोडलेली उपकरणं. एका खात्याला मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. ऑफिसच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर एकदा लॉगिन केलं आणि बाहेर पडलात नाही, तर तो संगणक तुमच्या गप्पा वाचत राहतो. सेटिंग्जमधली ‘लिंक केलेली डिव्हाइस’ ही यादी महिन्यातून एकदा पाहा आणि ओळखीचं नसेल ते काढा. जोडणी आठ अक्षरांच्या कोडनेही होते. ‘फोटो पाहायला हा कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका’ असं कोणी म्हणालं तर तो तुमचं खाते स्वतःच्या संगणकाला जोडतो आहे. सोबत सहा अंकी टू-स्टेप पिन लावून ठेवा. प्रश्न १२ मधल्या फसवणुकीत खातं वाचतं ते त्यामुळेच.

१०. अनोळखी नंबर कोणाचा ते सांगणारं अ‍ॅप ठेवावं का? आणि कर्जाची अ‍ॅप?

नाव सांगणाऱ्या अ‍ॅपपैकी अनेकांची यादी वापरणाऱ्यांच्या फोनबुकांतूनच तयार झालेली असते. तुम्ही कॉन्टॅक्ट्स दिले की तुमची मावशी, डॉक्टर आणि शाळेतल्या बाई यांचे नंबर त्यांना न विचारता पुढे जातात. हा निर्णय एकट्याचा नाही, म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: कॉन्टॅक्ट्स न देता चालत असेल तरच ठेवा.

कर्जाच्या अ‍ॅपबाबत तर नियमच आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणलेल्या आणि पुढेही कायम ठेवलेल्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार अशा अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स, कॉलची नोंद आणि फाइली यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन एकदाच, केवायसीसाठी आणि तुमच्या स्पष्ट संमतीने. कॉन्टॅक्ट्स मागणारं कर्जाचं अ‍ॅप नियम मोडतं आहे. परवानगी मिळाली की वसुलीसाठी नातेवाइकांना फोन जातात, म्हणून तिथेच थांबा.

११. लग्नपत्रिकेची किंवा वाहतूक चलनाची फाइल आली, उघडली, आणि काही दिसलंच नाही. आता काय?

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हती, अ‍ॅप होतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. अशा अ‍ॅपला बहुतेक वेळा एसएमएस वाचायचे असतात, म्हणजे ओटीपी. काहींना ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ हवी असते. ही सोय दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवण्यासाठी आहे, पण ती मिळाली की अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

फाइल नुसती आली असेल आणि ‘इन्स्टॉल’ दाबलं नसेल तर ती पुसून टाका, धोका टळला. दाबलं असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफाय बंद आहे ना ते पाहा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग व यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते, म्हणून पहिले काही तास मोलाचे.

त्यानंतर फोनकडे वळा. सेटिंग्जच्या अ‍ॅप यादीतून ते काढा. काढायचं बटण फिकट दिसत असेल तर त्याने ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा अधिकार घेतला आहे. सेटिंग्जमध्ये तेच शब्द शोधा, त्याच्यासमोरची खूण काढा आणि मग अ‍ॅप काढा. चिन्हच दिसत नसेल तर सेफ मोडमध्ये (म्हणजे उतरवलेली अ‍ॅप बंद ठेवून) फोन सुरू करून यादी पाहा. एवढं झाल्यावरही फोटो वेगळे काढून फोन फॅक्टरी रीसेट करावा, असंच आम्ही सांगू. बँकेचे पासवर्ड रीसेटनंतरच बदला, आधी बदललेत तर नवेही त्याच अ‍ॅपच्या हाती लागतात.

१२. कुरिअरवाल्याने स्टार-४०१ ने सुरू होणारा नंबर लावायला सांगितला. लावला तर?

तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळतात. एसएमएस वळत नाहीत, पण व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवा ओटीपी कॉल करूनही सांगतात आणि तो कॉल त्याला जातो. दूरसंचार विभागाच्या आदेशाने अशा कोडने कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्यात आली, तरी तपासून पाहणं चांगलं. स्टार-हॅश-२१-हॅश लावा, वळवलेलं असेल तर नंबर दिसतो. हॅश-हॅश-००२-हॅश लावलं की सगळी वळवणी रद्द होते. कोडला दाद मिळाली नाही तर कॉलच्या अ‍ॅपमधल्या सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ पाहा.

१३. लॉजवर किंवा सोसायटीत आधार मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर चालतं का?

पाठवलेली फाइल त्यांच्या फोनमध्ये कायमची राहते. ओळख दाखवायला मास्क्ड आधार पुरतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार डाउनलोड करताना तशी खूण करायची असते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. छापायला झेरॉक्सच्या दुकानात पाठवलंत तर छापून झाल्यावर समोर उभं राहून त्याच्या संगणकावरची फाइल पुसून घ्या. विनंती केली की दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.

१४. ‘नाही’चं बटणच सापडत नाही. हे कायद्याने चालतं?

मोठं रंगीत ‘परवानगी द्या’ आणि खाली फिकट, बारीक ‘नंतर’. रद्द करायला पाच पानं. ‘नको, मला बचत करायची नाही’ असं लाज आणणारं उत्तर. या युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते. पडद्याचे स्क्रीनशॉट क्रमाने जोडा, त्यांच्याशिवाय तक्रार कमकुवत पडते.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा याहून पुढे जातो. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं, असं तो म्हणतो. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याचा पर्याय त्यात आहे. आपल्या भाषेत नीट वाचल्याशिवाय दिलेली संमती खरी कशी म्हणावी? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर वाट न पाहता मराठी सूचना मागायला हरकत नाही.

१५. जुना फोन विकायचा आहे. नुसतं रीसेट पुरतं का?

अँड्रॉइड १० किंवा नंतरच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनवर पुरतं. त्यातली माहिती एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते आणि रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते. त्याहून जुन्या फोनवर आधी सुरक्षा सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन सुरू करा, मग रीसेट.

क्रम मात्र चुकवू नका. बॅकअप घ्या. यूपीआय अ‍ॅपमधून खातं काढा. मग सेटिंग्जमधून गूगल खातं काढा. हे राहिलं तर रीसेटनंतर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो आणि घेणारा तुम्हाला फोन करतो. सिम आणि मेमरी कार्ड हाताने काढा, कारण कार्ड रीसेटमध्ये पुसलं जाईलच असं नाही. पडदा फुटून टच चालत नसेल पण चित्र दिसत असेल, तर ओटीजीच्या जोडाने (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या जोडाने) संगणकाचा माउस लावा, सगळं माउसने करता येतं.

दुरुस्तीला देताना रीसेटची गरज नाही. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे; कारागिराला फोन चालवता येतो, तुमचं काही दिसत नाही. ही सोय नसेल तर पिन सांगण्याआधी विचारा की तो कशाला हवा. बॅटरी बदलायला पिन लागत नाही.

१६. लोकलमध्ये फोन गेला. आधी काय करायचं?

बहुतेक जण आधी सिम बंद करतात. पण सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट जातं, आणि मग दुरून लॉक करण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेजारच्याच्या फोनवर इनकॉग्निटो उघडून (प्रश्न ७) गूगलच्या फोन शोधण्याच्या पानावर जा आणि आधी लॉक करा. याला दोन मिनिटं लागतात. लॉगिनला ओटीपी हरवलेल्या फोनवरच जात असेल तर अडकू नका, थेट सिम बंद करा. अपवाद आणखी एक: फोन उघडा असताना हातातून हिसकावला असेल, तर सिम आणि बँक आधी.

नंतर पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरच्या सीईआयआर (हरवलेले फोन अडवण्याच्या) विभागात आयएमईआय अडवण्याची विनंती. आयएमईआय म्हणजे फोनची ओळख ठरवणारा १५ अंकी क्रमांक, दोन सिमच्या फोनला असे दोन. तो खोक्यावर आणि बिलावर असतो. आज हातात फोन आहे तोवर स्टार-हॅश-०६-हॅश लावून कागदावर उतरवून ठेवा. नवं सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे त्या नंबरवर ओटीपी येणार नाही. सीईआयआरचा अर्ज भरताना घरातल्या दुसऱ्याचा नंबर द्या. फोन परत मिळाला तर तिथेच अडवणूक काढायची विनंती करावी लागते, नाहीतर नवं सिमही त्यात चालत नाही.

अँड्रॉइड १० आणि पुढच्या अनेक फोनवर चोरी ओळखून आपोआप लॉक होण्याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये ‘चोरी’ शोधा आणि सुरू करा.

१७. बोटाचा ठसा बरा की पिन?

गर्दीत ठसा, कारण पिन शेजारी उभा असलेला माणूस पाहतो. पण ठशामागे पिन असतोच, म्हणून तो सहा अंकी ठेवा: चार अंकांच्या १० हजार जुळण्या होतात, सहा अंकांच्या १० लाख. यूपीआयचा पिन आणि फोनचा पिन एकच ठेवू नका. झोपेत कोणी बोट लावेल अशी भीती असेल तर पॉवर बटणाच्या मेनूतला ‘लॉकडाउन’ दाबा, पुढच्या वेळी फोन फक्त पिननेच उघडतो. हा पर्याय काही फोनवर आधी लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये सुरू करावा लागतो.